सहा सूर वडशात उतरले

चंद्रपूरच्या बसस्टँडवर कंडक्टरने सानिकाच्या मांडीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "ताई, हे मांजर हाय का कुत्रं? जनावर चालत नाई गाडीत."

मांडीवर माईक होता. वाऱ्याची घरघर आत शिरू नये म्हणून त्याला करड्या रंगाचं केसाळ टोपरं घालतात. सानिकाने कंडक्टरला निम्म्या इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकत राहिला आणि मग माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "भाऊ, माईक हाय. फक्त केस वाढले हायत."

"मंग कटिंग करून आनाचं ना," तो म्हणाला आणि घंटी मारून पुढे गेला.

अशी आमची जंगलयात्रा सुरू झाली. पुण्यात परत आल्यापासून भेटेल तो मला वाघाबद्दल विचारतो आहे. वाघ दिसला नाही. जे दिसलं ते लिहिते, म्हणजे पुन्हा कोणी विचारू नये.

आधी मी काय करते ते सांगायला हवं, कारण माझ्या आईलाही ते अजून नीट सांगता आलेलं नाही. हातात मावणारे जुने व्हिडिओ गेमचे डबे असत, त्यांतून टिवटिव संगीत येई. तसलं संगीत मी आज नव्याने रचते. त्याला चिपट्यून म्हणतात. त्या डब्यातल्या चिपला एका वेळी चारच आवाज काढता यायचे. दोन पिपाणीसारखे, एक जरा गोलसर, आणि चौथा म्हणजे नुसता खरखराट. त्याचाच आम्ही ढोल करतो. आजच्या फोनला शेकडो आवाज येतात, तरी आम्ही हौसेने चारातच कोंडून घेतो. का, ते विचारू नका. उपवासाला माणसं साबुदाणा का खातात, हे तरी कोण विचारतं?

सानिका पुण्याची. त्या जुन्या डब्यांसारखाच दिसणारा, चार हिरव्या छटांचा एक छोटा खेळ ती एकटीच बनवते आहे. जंगलात मोहाची फुलं गोळा करणारी एक मुलगी, असा खेळ. संगीत माझं. माझ्या तीन धून तिने परत पाठवल्या होत्या. पहिली म्हणे शहरी वाटते. दुसरी जास्तच आनंदी. तिसरी "छान आहे गं, पण यात जंगल नाही." आठ किलोबाइटच्या फाईलमध्ये मी सागाची झाडं कुठे लावायची, हे तिने सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की चौथी जमली नाही तर परदेशातला एक जण तयारच बसला आहे.

मी सिंदेवाहीच्या अलीकडच्या गावची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच; बी.एस्सी. कॉम्प्युटर, पहिल्या वर्गात. हे मी लाजत सांगत नाही, लाजायचं कारण काय? "गेममध्ये माझं नाव येणार" एवढं एक वाक्य मी आईला फोनवर सांगून बसले होते. आईने ते विहिरीवर सांगितलं, राइसमिलवर सांगितलं, दवाखान्याच्या रांगेत सांगितलं. आता नाव आलं नाही, तर मला गावात दुसऱ्या रस्त्याने शिरावं लागलं असतं, आणि गावाला रस्ता एकच आहे.

म्हणून मीच सानिकाला म्हटलं, "चल, जंगलच दाखवते तुला. डिसेंबर आहे, ऊनही लागणार नाही."

चंद्रपूर

चंद्रपूरला सानिकाला जंगलाऐवजी धुरांडी दिसली, म्हणून ती जराशी रुसली होती. बस धरण्याआधी सकाळी टपरीवर पोहे घेतले. पोहेवाल्याने विचारलं, "सांबार टाकू?"

"पोह्यांवर सांबार? नको, नको!" सानिका म्हणाली.

माझी प्लेट आली तेव्हा तिने वाकून पाहिलं. "तुझ्यावर कोथिंबीर कशी काय?"

"हाच सांबार."

त्यावर तिने फोनमध्ये काहीतरी टिपून घेतलं. चारही दिवस ती टिपतच होती. आमच्याकडच्या गोष्टी खाण्याआधी टिपायच्या असतात, हे मला नव्यानेच कळलं. पुण्यात मी पहिल्यांदा मिसळ खाल्ली, तेव्हा मला वही काढायचं सुचलं नव्हतं.

गाव

आईने भात, लाखोळीची डाळ आणि बोडीतली मासोळी असा बेत केला होता. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. सानिकाने हळूच विचारलं, "पोळी असेल का एखादी?"

आई घाबरली. मला आत नेऊन म्हणाली, "काऊन वं, भात नाई पचत का तिले? तब्येत बरोबर नाई का?"

"पुण्याची हाय ना आई."

"हो का," आई म्हणाली. हळहळत तिने कणीक भिजवली. आजाऱ्याला करून घालावी तशी एक पोळी सानिकाच्या ताटात आली. सानिकाने ती मासोळीच्या रश्श्याबरोबर खाल्ली आणि मग गुपचूप तीनदा भात मागून घेतला. एवढं मात्र मान्य करायला हवं.

दुपारी ती माईक घेऊन बांधावर बसली. जंगलाचा खरा आवाज भरायचा होता. दोन तासांनी आम्ही ऐकलं. पहिला पाऊण तास धान मळायचं मशीन. मग कोणाचा तरी फोन वाजतो आणि कोणीच उचलत नाही. शेवटी माझी काकू बकरीला अशा शिव्या देते, ज्या कुठल्याच खेळात घालता येणार नाहीत.

"लोक जंगलात एवढा आवाज का करतात?" सानिका वैतागली.

"राहतात म्हणून," मी म्हटलं.

संध्याकाळी आईने माझ्या धून ऐकायचा हट्ट धरला. लॅपटॉपवर तिसरी लावली. आईने मान डोलावली, पण तोंडावरून कळत होतं की लेक आहे म्हणून डोलावते आहे. "वाजवून राह्यली का दुरुस्त करून राह्यली?" तिने विचारलं.

या आवाजाचं वेड मला लावलं तिनेच. मी चौथीत असताना तिने सिंदेवाहीच्या बाजारातून विटांच्या खेळाचा डबा आणला होता. वर लिहिलेलं, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ. आत खरे खेळ पाच. बाकी तेच खेळ वेग बदलून. त्याची टिवटिव मी दोन वर्षं ऐकली. मोठी होऊन कळलं की त्याच टिवटिवीतून माणसं जगभर गाणी रचतात आणि एका फोरमवर एकमेकांना देतात. नुसतं गाणं नाही. फाईलच उघडी देतात. कुठला सूर कुठल्या ओळीत बसवला, ढोलाचा खरखराट कसा कापला, सगळं दिसतं. आमच्याकडे भाजीची वाटी शेजारी गेली तरी मसाला कोणता ते कोणी सांगत नाही. तिथे परकी माणसं मसाल्याचा डबाच हातात ठेवतात. मला हे आवडलं. मी फुकट शिकले ती तिथेच. कॉलेजने डिग्री दिली, तिचा मान वेगळा.

वडसा

तिसऱ्या दिवशी वडशाला गेलो. कागदोपत्री गावाचं नाव देसाईगंज, पण रेल्वेपासून रिक्षापर्यंत सगळे वडसाच म्हणतात. तांदळाचं गाव, आणि थंडीत झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या जंगलपट्ट्यातल्या नाटकांचं. कंपन्यांच्या तालमी तिथेच चालतात आणि मग नाटकं गावोगाव निघतात. सानिकाला मी मुद्दाम दुपारची तालीम दाखवायला नेलं होतं. बंद होताना टिवटिव भोंगा वाजवणाऱ्या रेल्वे फाटकाजवळ तांदळाचं एक रिकामं गोदाम होतं. आत नायिका रडायचा सराव करत होती आणि कोपऱ्यात एक म्हातारा ऑर्गनच्या पोटात डोकं घालून बसला होता.

ते सत्तारभाई. सकाळी शिलाई मशीन आणि बाजाच्या पेट्या दुरुस्त करतात, दुपारी तालमीत ऑर्गन वाजवतात. डोकं बाहेर काढून त्यांनी आधी माईककडे पाहिलं. "हे चावते का?"

मी ओळख करून दिली. सिंदेवाहीकडची, बी.एस्सी., खेळांना संगीत देते. बी.एस्सी. मी जरा ठासूनच म्हटलं असेन.

"ऐकव मंग."

मी तिसरी धून लावली. सत्तारभाई दाढ दुखत असल्यासारखं तोंड करून ऐकत होते. संपल्यावर दाराकडे बघून म्हणाले, "फाटक बंद झालं का?"

गोदामातले सगळे हसले. रडणारी नायिकाही हसली, आणि दिग्दर्शकाने तिला पुन्हा पहिल्यापासून रडायला लावलं.

मला राग आला. मी त्यांच्या ऑर्गनकडे बोट दाखवलं. "तुमचा तरी कुठी धड हाय? सुसू करून राह्यला."

"भाता फाटला हाय," ते म्हणाले. "चार सूर संग वाजते. पाचवा दाबला का साऱ्याचीच हवा जाते."

"माझ्या मशीनचंही तसंच. एका वेळी चारच आवाज."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. लॅपटॉपवर हात ठेवून, वैद्याने नाडी पाहावी तसे म्हणाले, "मंग तुह्या मशीनचा बी भाता फाटला?"

माझा भाता कॉलेजात शिकून, हौसेने फाडलेला आहे, हे त्यांना कसं सांगणार? मी "हो" म्हटलं. तिथून आमचं जमलं.

"परत लाव," ते म्हणाले. दोनदा ऐकून धून बोटांवर आली. मग विचारलं, "बाई, किती मात्रेचं हाय हे?"

इथे माझ्या हातून जी चूक झाली, ती फक्त माझ्यासारख्यांच्याच हातून होते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे सोळाच्या हिशेबाने मोजतात. शून्य ते नऊ झाले, की पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ, आणि त्यानंतर दहा. म्हणजे पडद्यावर एकावर शून्य दिसलं, तर ते दहा नसतात, सोळा असतात. धूनचा एक फेरा सोळा मात्रांचा. पडद्यावर एकावर शून्य होतं. रोज तेच वाचायची सवय, मी वाचून टाकलं, "दहा."

"दहा? बरं."

तेवढ्यात पलीकडे भांडण लागलं. नायिकेचं रडणं सानिकाने न विचारता रेकॉर्ड केलं होतं. खलनायकाचं काम करणारे गृहस्थ आता नायिकेच्या बाजूने उभे होते आणि सानिकाला विचारत होते, "ताई, नाटक निंघाच्या आंधी रडनं बाहीर गेलं, तं तिकीट कोन काढन?" मी मध्ये पडले, माफी मागितली, आवाज पुसून टाकायला लावला. खलनायकांनी स्वतः चहा पाजला. आमच्याकडे खलनायकच स्वभावाने बरे असतात.

परत आले तेव्हा ऑर्गनवर माझीच धून वाजत होती आणि ती माझी नव्हती. दोन पावलं टाकायची, मग तीन. पुन्हा दोन, पुन्हा तीन. जरा लंगडायची, पण पडायची नाही. पडेल पडेल म्हणेपर्यंत फेरा पुरा व्हायचा. मी बोटांवर मोजलं. दहा.

"सत्तारभाई, हे काय केलं?"

"काऊन? दहा मात्रा. झपताल."

"अहो, सोळा होत्या! आमच्यात दहा म्हणजे सोळा."

त्यांनी वाजवणं थांबवलं. "पोरी, आमच्या इथी दहा म्हन्जे दहा. तुमच्या कॉलेजात काय चालते मले नाई मालूम."

"माझे सहा सूर कुठे गेले?"

"पाहुने होते," सत्तारभाई म्हणाले. "वडसा आलं, उतरले. गाडी हलकी झाली का नाई?"

गोदाम पुन्हा हसलं. मी हसले नाही. माझी डिग्री जागी झाली होती. सोळाचा हिशेब कसा चालतो, ते मी त्यांना कागदावर काढून दाखवायला लागले. ए म्हणजे दहा, बी म्हणजे अकरा. तिकडे ते पुन्हा हळूहळू वाजवायला लागले, आणि कागदावर लिहिता लिहिता माझाच पाय त्यांच्या ठेक्यावर हलायला लागला. डीपर्यंत पोहोचले आणि पेन खाली ठेवलं.

खरं सांगायचं तर गेलेले सहा सूर बिनकामाचेच होते. सोळाचं घर भरायचं म्हणून मी ते आणून बसवले होते. लग्नात रांग भरायला लांबचे नातेवाईक उभे करतात ना, तसे.

तिथेच पोत्यावर बसून मी फेरा दहाचा केला. सॉफ्टवेअरला वाटलं असेल बाई बिघडली. दोन पिपाण्यांना सूर वाटून दिले, गोल आवाजाला सत्तारभाईंच्या डाव्या हाताचं काम दिलं, खरखराटाचा ढोल केला. फाईल उघडीच फोरमवर टाकली. वडशाचं नेटवर्क पुण्यातल्या माझ्या खोलीपेक्षा चांगलं आहे, हेही जाता जाता लिहून ठेवते. दोन तासांत एकाने लिहिलं, "ही चाल लंगडते, पण थकत नाही. मात्रा किती?" मी उत्तर दिलं, "दहा. खरे दहा."

निघताना माझी नजर भिंतीवर गेली. नाटकाची पत्रकं लावली होती. नायिकेचा चेहरा परातीएवढा. मग लेखक, दिग्दर्शक, मंडप, अगदी तळाला बारीक अक्षरांत "संगीत साथ: आणि साथीदार." आधी कोणाचंच नाव नाही, सरळ "आणि".

"तुमचं नाव कुठी हाय सत्तारभाई?"

"आहे ना," त्यांनी त्या 'आणि'वर बोट ठेवलं. "हे मी. जवानीपासून इथीच हावो."

"खेळात तुमचं नाव टाकते मी."

ते हसले. भात्यावर चिकटपट्टी लावत लावत म्हणाले, "टाकशीन तं वडसा लिवजो संग. नुसते सत्तारभाई गल्लोगल्ली हायत."

म्हटलं, लिहीन. आता दोन माणसांना नावाचा शब्द दिला होता, एक आईला आणि एक यांना. आणि दोन्ही नावं सानिकाच्या हातात होती.

कुरखेड्याच्या पुढे

सानिकाने नवी धून ऐकली आणि रस्त्यातच मला मिठी मारली. "प्रणाली, हेच! हाच तो आदिवासी ठेका! किती रॉ आहे!"

"झपताल आहे तो."

"हो, पण फील ट्रायबल आहे."

मी म्हटलं, ज्यांचा म्हणतेस त्यांनाच विचारू. कुरखेड्याच्या पुढच्या गावात मडावीबाई राहतात. माझ्या होस्टेलच्या मैत्रिणीची वहिनी, गोंड, अंगणवाडीत सेविका, माणूस सरळ. "जय सेवा" असा त्यांच्यातला नमस्कार झाला, पाणी झालं, अंगणात खाट टाकली. सानिकाने माईक काढला.

"तुमच्याकडे लग्नात काय वाजवतात?" तिने विचारलं.

"डीजे," मडावीबाई म्हणाल्या.

"नाही, पारंपरिक काय?"

मडावीबाईंनी विचार केला. "जुना डीजे."

मला ठसका लागला. सानिका चिकाटीची. "पण तुमची स्वतःची गाणी असतील ना? एखादं म्हणाल?"

"गानं हायत ना, लय हायत. पन ते सनाले असते. आज बुधवार हाय." त्यांनी माईकचे केस कुरवाळले. "याले काय खाऊ घालता?"

मग सानिकाने तसल्याच एका जुन्या डब्यावर खेळ दाखवला. हिरव्या पडद्यावर ती मुलगी आली. डोक्यात पिसं, कमरेला पानं. उडी मारून झाडाला धडकायची, की वरून मोहाचं फूल पडायचं आणि टिंग व्हायचं. मडावीबाई डोळ्यांजवळ डबा धरून पाहत राहिल्या.

"हे पिसं घालून कुठी चालली? फांदीत अडकन ना. लुगडं नाई का तिच्यापाशी?"

"ते एक कॅरेक्टर डिझाइन आहे..."

"आणि झाडाले टकरा काऊन मारते बाप्पा? मोह तोडत नसते, येचते. ते आपूनच पडते खाली. पहाटे जाचं, वाकाचं, येचाचं." त्यांनी डबा परत दिला. "ह्या पोरीनं सारं झाड झोडपलं. पुढच्या साली काय खाईन?"

सानिकाने डबा उलटा करून मांडीवर ठेवला. या खेळावर ती दीड वर्ष बसली होती आणि त्या दीड वर्षात तिने मोहाचं झाड पाहिलं नव्हतं. मी खूश व्हायला हवं होतं, पण तिचा चेहरा पाहून नाही झाले. मी तरी कुठे सांगितलं होतं? मोह येचतात हे मला लहानपणापासून माहीत. खेळात ती उडी मारते, हे मी वर्षभर बघत होते. माझं काम संगीत, म्हणून तोंड मिटून बसले होते. ही शिकल्यासवरल्याची हुशारी.

विषय बदलायला मी धून लावली. सानिका आशेने म्हणाली, "बाई, हा ठेका तुमचाच ना? यावर तुम्ही नाचता ना?"

मडावीबाई उठल्या. पदर खोचून खरंच दोन पावलं टाकून पाहिली. तिसऱ्या पावलाला पाय मागच्या पायात अडकला. "नाई बा. हे आमचं नाई. यावर साऱ्या गावानं हात धरून फेर धरला, तं सारं गाव तोंडावर पडन."

चौथी धूनही गेली, असं मला वाटलं. सानिका माईक पिशवीत भरायला लागली. पण मडावीबाई थांबल्या नव्हत्या. ओसरीवरची टोपली उचलून त्यांनी कमरेला टेकवली आणि अंगणात चालायला लागल्या. दोन पावलं चालल्या, वाकल्या, मातीवरून तीनदा हात फिरवला. दोन पावलं. तीनदा हात. धून चालू होती आणि बाई तिच्यात अशा बसल्या होत्या, जणू सत्तारभाई समोर बसून वाजवताहेत.

फेरी पुरी करून त्या आमच्यासमोर उभ्या राहिल्या. जरा दम लागला होता.

"नाचाले नाई चालत," मडावीबाईंनी निकाल दिला. "येचाले चालते."

सानिकाने तिथेच, खाटेवर बसून लॅपटॉपवर उडी काढून टाकली. अंधार पडायच्या आत खेळातली मुलगी दोन पावलं चालून वाकायला लागली होती. पिसंही गेली. लुगडं रेखाटायला सानिकाकडे ठिपके कमी पडत होते. मडावीबाईंनी पडद्यावर बोट ठेवून काष्टा कुठून घ्यायचा ते दाखवलं. जाताना त्यांनी भाजलेल्या लाखोळीची पुडी दिली आणि सानिकाला बजावलं, "तिच्या टोपलीच्या ठिपक्यांत भोक ठेवू नको, मोह गळन. आमच्या कामाची वाटन, असं कर."

पुणे

परतल्यावर दहा दिवसांनी सानिकाने खेळाच्या शेवटच्या पडद्याचं चित्र पाठवलं. नावांचा पडदा. मडावीबाईंचं नाव सल्लागार म्हणून होतं. माझं होतं, पूर्ण. आईला पाठवायला बोट नुसतं शिवशिवत होतं. पण माझ्या नावाखाली इंग्रजीत लिहिलं होतं, "ताल: पारंपरिक आदिवासी."

मी फोन लावला. "सानिका, हे काय? मडावीबाईंनी तोंडावर सांगितलं, आमचं नाही म्हणून."

"अगं, तेवढं कोण बघतंय?"

"मी बघते आहे. सत्तारभाईंचं नाव टाक."

ती म्हणाली, "ऐक ना. जंगलाचा खेळ. त्यात ऑर्गन वाजवणारे मुसलमान गृहस्थ, रेल्वेगाव, नाटक... स्टोरीत बसत नाही गं. पारंपरिक लिहिलं की लोकांना लगेच कळतं."

पारंपरिक या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. ज्याला नाव विचारायचा कंटाळा येतो, तो पारंपरिक. वडशाच्या पत्रकावर जो 'आणि' होता, त्याचंच हे पुण्यातलं भाषांतर.

मी सरळ सांगितलं. "फाईल फोरमवर उघडी आहे. पहिल्याच ओळीत त्यांचं नाव आहे. तिकडे लोक मलाच विचारताहेत, हे वडशाचे ऑर्गनवाले कोण. तुझ्या पडद्यावर नाव नसेल, तर माझंही काढ आणि धून परत दे. त्या परदेशातल्याला कळव."

बोलून गेले. आई राइसमिलवर उभी आहे आणि सगळे तिला विचारताहेत, लेकीचं नाव आलं का, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. पण शब्द मागे घेतला नाही.

"तसं नाही गं," सानिका पडत्या आवाजात म्हणाली. "मला काय, मी टाकते. पण खरंच जागा नाही. हा जुन्या डब्याचा पडदा आहे. चौकट सोडली तर ओळीत सोळाच घरं उरतात. फार तर नुसतं सत्तारभाई बसेल."

इंग्रजीतलं सत्तारभाई मी बोटांवर मोजलं. दहा अक्षरं.

नुसते सत्तारभाई गल्लोगल्ली आहेत.

"थांब," मी म्हटलं. कागद घेतला, सोळा चौकोन आखले आणि एकेकात एकेक इंग्रजी अक्षर भरत गेले. सत्तारभाई, दहा. मग एक मोकळं घर. मग वडसा, पाच.

"सानिका, लिही, सत्तारभाई वडसा. दहा म्हणजे सोळा."

"म्हणजे?"

"तू लिही तर."

पलीकडे कळा वाजल्याचा आवाज येत होता. एकेक अक्षर पडद्यावर चढत होतं. प्रत्येक कळेसरशी मी कागदावरच्या पुढच्या चौकोनावर बोट ठेवत होते. वडसा आलं, आणि या वेळी कोणीच उतरलं नाही.